जुन्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स एकत्र: कामांचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना होणारा गोंधळ बहुतेक वेळा इन्स्टॉलर सुरू व्हायच्या आधीच झालेला असतो. पेन ड्राइव्ह चुकीच्या पद्धतीने बूट केलेला असतो, विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं, किंवा डिस्कवर पाचव्या पार्टिशनला (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागाला) जागाच नसते. इन्स्टॉलर बिचारा त्यातून मार्ग काढायला जातो आणि शेवटी काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच उरतं. (ग्रब म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, सुरुवातीला कोणती सिस्टिम चालू करायची ते विचारणारा छोटा प्रोग्राम.) म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे आणि इन्स्टॉलेशनला कमी.

उदाहरणासाठी संगणकावर आधीपासून विंडोज १० आहे आणि शेजारी लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती टाकायची आहे असं धरलं आहे. उबुंटू किंवा डेबियन टाकायचं असेल तरी क्रम हाच राहतो, फक्त इन्स्टॉलरचे पडदे वेगळे दिसतात. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीतच लिहायची.

## टप्पा १ : यंत्राची माहिती कागदावर उतरवा

विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा आणि पुढच्या गोष्टी खरोखर कागदावर लिहून ठेवा. मध्येच संगणक सुरू होईनासा झाला तर त्यातली नोंद वाचता येत नाही.

१. बायोस मोड. बायोस म्हणजे संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम; 'लेगसी' ही त्याची जुनी पद्धत, 'यूईएफआय' नवी. समोर यातलं काय आहे ते पाहा. सगळ्या प्रक्रियेतली सर्वात महत्त्वाची नोंद हीच. लिनक्स याच मोडमध्ये टाकायचं आहे.

२. डिस्कची रचना. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या नावावर उजवी क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स. तिथे 'एमबीआर' किंवा 'जीपीटी' (डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवण्याची जुनी आणि नवी पद्धत) लिहिलेलं दिसेल. विंडोज लेगसीत असेल तर ज्या डिस्कवरून ते सुरू होतं ती एमबीआर असते. यूईएफआयमध्ये असेल तर जीपीटी.

३. प्रोसेसर ६४-बिट आहे का. 'सिस्टिम टाइप'समोर 'एक्स६४' असेल तर प्रश्न मिटला. 'एक्स८६' दिसलं तर याचा अर्थ एवढाच की आत्ताचं विंडोज ३२-बिट आहे. प्रोसेसर ६४-बिट असू शकतो. सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर 'एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' आहे का ते बघा. प्रोसेसर खरंच ३२-बिट असेल तर पर्याय फार थोडे उरतात: मिंटने २०व्या आवृत्तीपासून ३२-बिट बंद केलं आणि डेबियनने १३व्या आवृत्तीपासून ३२-बिट इन्स्टॉलर देणं थांबवलं.

४. रॅम. मिंटला किमान २ जीबी लागते, ४ जीबीवर काम सुसह्य होतं. ४ जीबीच्या यंत्रावर विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीन चालवण्याचा विचार सोडून द्या. एकाच वेळी दोन सिस्टिम त्यात मावत नाहीत, म्हणून तर आलटून पालटून बूट करायचं.

५. डिस्कवर आत्ता किती पार्टिशन्स आहेत आणि प्रत्येकाचा आकार. विंडोज १ जीबी म्हणजे १०२४ एमबी धरतं, म्हणून ५०० जीबीची डिस्क तिथे साधारण ४६५ जीबी दिसते. काही हरवलेलं नाही.

६. बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का. असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या आणि एन्क्रिप्शन पूर्ण काढून टाका. बायोसमधली सेटिंग्ज बदलल्यावर ही की मागितली जाते. ती नसेल तर स्वतःच्याच डेटापुढे दार बंद.

## टप्पा २ : डिस्क आणि घड्याळाचा सेल

जुन्या यंत्रात दोन वस्तू कधीही दगा देतात: हार्ड डिस्क आणि मदरबोर्डवरचा सेल.

क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्राममधून डिस्कची 'स्मार्ट' माहिती (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) बघा. दोन ओळी महत्त्वाच्या आहेत: 'रीअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'. दुसऱ्या ओळीत शून्यापेक्षा जास्त आकडा असेल तर पार्टिशन हलवण्याचं धाडस त्या डिस्कवर करू नका. आकार बदलताना हजारो फाइली जागेवरून उठवल्या जातात आणि आजारी डिस्क नेमकी तेव्हाच बसते. आधी सगळं साटा एसएसडीवर क्लोन करा (जसंच्या तसं उतरवा). तसंही जुन्या संगणकाला सर्वात जास्त फरक पडतो तो एसएसडीने, ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्याने त्याखालोखाल.

संगणक प्लगमधून काढून ठेवल्यावर तारीख मागे जात असेल तर सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला आहे. हे क्षुल्लक वाटतं, पण सेल नसला की बायोस मूळ सेटिंग्जवर परततो: बूटचा क्रम बदलतो आणि कधी साटाचा मोडही. काल नीट चालणारी दुहेरी व्यवस्था आज अचानक बंद पडण्यामागे अनेकदा हाच सेल असतो. सुरुवातीलाच बदलून टाका. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर पुढची कामं वीज जाण्याची भीती नसलेल्या वेळी करा; डेस्कटॉपला यूपीएस असेल तर उत्तम.

इशारा: डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी, त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर नाही. डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रत हा बॅकअप नव्हे. शिवाय १६ जीबी किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह बनवून ठेवा. लिनक्स काढायची वेळ आली तर तो हाताशी हवा.

## टप्पा ३ : विंडोजला पूर्ण बंद व्हायला शिकवा

विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज अर्धवट झोपतं आणि सी ड्राइव्ह उघडाच सोडतं. लिनक्स मग त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देतं, आणि जबरदस्तीने लिहिलं तर फाइली खराब होतात. गंमत म्हणजे 'रीस्टार्ट' केल्यावर विंडोज खरोखर बंद होतं. त्यामुळे हा दोष कधी दिसतो, कधी नाही, आणि लोक भलतीकडेच कारण शोधत बसतात.

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'पॉवरसीएफजी', स्पेस, 'स्लॅश एच', स्पेस, 'ऑफ' एवढं द्या. एका कमांडमध्ये दोन कामं होतात: फास्ट स्टार्टअप बंद आणि कित्येक जीबींची हायबरनेशन फाइल गायब. ती फाइल जाणं पुढच्या टप्प्यात लागणारच आहे.

त्यानंतर सी ड्राइव्हवर चेकडिस्क चालवा (दुरुस्तीचा पर्याय, म्हणजे 'स्लॅश एफ', देऊन) आणि रीस्टार्ट करा. डिस्क मोठी आणि फिरती असेल तर वेळ लागतो; मध्येच बंद करू नका.

## टप्पा ४ : जागा मोकळी करा, विंडोजमधूनच

विंडोजचं पार्टिशन विंडोजनेच आकुंचित करावं. लिनक्सच्या इन्स्टॉलरलाही ते जमतं, पण एनटीएफएसच्या (विंडोजच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीच्या) आतल्या गोष्टी विंडोजला जास्त माहीत.

१. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी ड्राइव्हवर उजवी क्लिक करा, 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा.

२. आकडा एमबीत द्यायचा असतो. ८० जीबी हवे असतील तर ८० गुणिले १०२४, म्हणजे ८१९२०. मिंट किमान २० जीबी मागतं, पण तेवढ्यावर सहा महिन्यांत घुसमट होते. ६० ते १०० जीबी दिलेले बरे.

३. विंडोजसाठी किमान २५ जीबी रिकामे ठेवा, नाहीतर अपडेट अडकतात.

सी ड्राइव्हवर २०० जीबी मोकळे असूनही फक्त ५-१० जीबी कमी करता येतील असं विंडोज सांगतं, तेव्हा एखादी न हलणारी फाइल मध्येच ठाण मांडून बसलेली असते. पेज फाइल (रॅम कमी पडल्यावर विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) तात्पुरती 'नो पेजिंग फाइल' करा, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा प्रयत्न करा. तरीही अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 'ॲप्लिकेशन' लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा. शेवटची न हलणारी फाइल कोणती, तिचं नाव तिथे लिहिलेलं असतं. श्रिंक झाल्यावर पेज फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन पुन्हा चालू करा. हे हमखास राहून जातं.

इशारा: मोकळी झालेली जागा 'अनलोकेटेड' अशीच काळ्या पट्टीत राहू द्या. तिथे 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करू नका. एमबीआर डिस्कवर आधीच चार प्रायमरी पार्टिशन्स असताना तसं केलं की विंडोज डिस्क 'डायनॅमिक' करू का, असं विचारतं. 'हो' म्हटलं की लिनक्सच्या इन्स्टॉलरचा रस्ता बंद, आणि डेटा न गमावता परत फिरणंही अवघड.

### चार प्रायमरींचा पेच

हा फक्त एमबीआरवाल्यांसाठी. एमबीआर डिस्कवर जास्तीत जास्त चार प्रायमरी पार्टिशन्स होतात. विकत घेतानाच विंडोज असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ती चारही भरलेली असतात: सिस्टिम, सी, रिकव्हरी आणि कंपनीचं आणखी एखादं. जागा कितीही मोकळी केली तरी इन्स्टॉलर ती 'अनयूजेबल' दाखवतो.

उपाय एकच, एक पार्टिशन घालवणं. डी ड्राइव्ह असेल तर त्यातला डेटा बाहेर काढून तो काढणं सर्वात निर्धोक. कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन काढायचं तर आधी त्याची पेन ड्राइव्ह प्रत बनवा. ज्यावर 'सिस्टिम' किंवा 'ॲक्टिव्ह' लिहिलं आहे त्याला हात लावू नका, ते १०० एमबीचं असलं तरी. विंडोज तिथूनच सुरू होतं. चौथी जागा रिकामी झाली की इन्स्टॉलर तिथे 'एक्स्टेंडेड' पार्टिशन करून आत हवी तेवढी 'लॉजिकल' पार्टिशन्स बनवतो. लिनक्स लॉजिकलवरून मजेत चालतं. लॉजिकलचे क्रमांक नेहमी ५पासून सुरू होतात. 'एसडीए५' बघून दचकू नका.

जीपीटी डिस्कवर ही भानगड नाही.

## टप्पा ५ : पेन ड्राइव्ह बनवा

८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरेसा आहे. आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची पूर्ण प्रत) उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइल अखंड आहे का ते तपासायची खूण) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेल्या फाइलीमुळे इन्स्टॉलेशन मध्येच थांबतं आणि दोष डिस्कला दिला जातो.

आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा बलेनाएचरने ती 'लिहावी' लागते. रूफसमध्ये 'पार्टिशन स्कीम' विचारली जाते: लेगसीसाठी एमबीआर, यूईएफआयसाठी जीपीटी. कागदावरची पहिली नोंद इथे लागते.

जुनी आयएसओ पडून असेल तर तीच वापरू नका. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर काही संगणकांवर सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त बूटलोडर चालू देणारी यूईएफआयची सोय) चालू असताना जुने लिनक्स बूटलोडर नाकारले जाऊ लागले, आणि पडद्यावर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येई. ताजी आयएसओ घेतली की बहुतेक वेळा हे टळतं.

## टप्पा ६ : योग्य मोडमध्ये बूट करा

संगणक सुरू होताच बूट मेन्यूची कळ दाबत राहा. कंपनीनुसार ती एफ१२, एफ९, एफ८ किंवा एस्केप असते. काही लॅपटॉपवर एफ१२ मेन्यू आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

आता नीट बघा. एकच पेन ड्राइव्ह यादीत दोनदा दिसू शकतो: एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून. कागदावर 'लेगसी' असेल तर नुसतं नाव निवडा, 'यूईएफआय' असेल तर दुसरं. दुहेरी बूट फसण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण म्हणजे घाईत वरचं नाव निवडणं. दोन सिस्टिम दोन मोडमध्ये बसल्या की ग्रबचा मेन्यू विंडोज सुरू करू शकत नाही, आणि प्रत्येक वेळी बायोसमध्ये जाऊन मोड बदलत बसावं लागतं.

पडदा काळा राहिला तर पुन्हा बूट करून मिंटच्या मेन्यूतला 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडा. जुन्या ग्राफिक्स कार्डांवर याची गरज पडते.

तपासा (डेस्कटॉप दिसल्यावर, इन्स्टॉल करण्याआधी):

- फाइल मॅनेजरमध्ये फाइल सिस्टिम, मग 'सिस', मग 'फर्मवेअर' उघडा. आत 'ईएफआय' फोल्डर असेल तर तुम्ही यूईएफआय मोडमध्ये आहात, नसेल तर लेगसीत. कागदाशी जुळत नसेल तर इथेच थांबा आणि पुन्हा बूट करा.
- वायफाय दिसतं का? ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपना ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. तोवर केबल लावा किंवा फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरा.
- आवाज, पडद्याचा उजेड, टचपॅड.
- 'डिस्क्स' प्रोग्राममध्ये हार्ड डिस्क दिसते का? दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा मोड 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी' असण्याची शक्यता आहे.

साटा मोड 'एएचसीआय' करायचा असेल तर थेट बदलू नका, विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. आधी विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग'मधून 'सेफ बूट' लावा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग 'सेफ बूट'ची खूण काढा. जुना 'आयडीई' मोड असेल आणि डिस्क दिसत असेल तर काहीच बदलू नका.

## टप्पा ७ : इन्स्टॉलेशन

भाषा, कीबोर्ड वगैरे पडदे सरळ आहेत. सुरुवातीच्या पडद्यांनंतर 'फोर्स यूईएफआय इन्स्टॉलेशन?' असा प्रश्न आला तर तो गांभीर्याने घ्या: विंडोज लेगसीत आहे आणि तुम्ही पेन ड्राइव्ह यूईएफआयने चालू केला आहे, असं तो सांगतो. पुढे न जाता बाहेर पडा आणि टप्पा ६ पुन्हा करा.

पार्टिशनच्या पडद्यावर तीन पर्याय असतात. 'इरेज डिस्क' म्हणजे विंडोजसकट सगळं साफ. 'इन्स्टॉल अलाँगसाइड' बहुधा नीट काम करतो, पण मोकळी जागा कुठे आणि कशी वापरली जाणार हे तो पुरेसं दाखवत नाही. जुन्या, पार्टिशनांनी गजबजलेल्या डिस्कवर 'समथिंग एल्स' घ्या.

१. यादीत 'फ्री स्पेस' शोधा. तिचा आकार टप्पा ४मधल्या आकड्याशी जुळतो का ते बघा. इन्स्टॉलर १ जीबी म्हणजे १००० एमबी धरतो, म्हणून ८० जीबीऐवजी साधारण ८६ जीबी दिसेल.

२. मुख्य पार्टिशन: ३५ ते ४० जीबी, 'ईएक्सटी४' (लिनक्सची फाइल साठवण्याची पद्धत), माउंट पॉइंट (पार्टिशन जिथे जोडलं जातं ती जागा) फक्त तिरकी रेघ. मिंटचं टाइमशिफ्ट जुन्या अवस्थांच्या प्रती इथेच साठवतं, म्हणून हात आखडू नका.

३. उरलेल्या जागेत 'होम' (तुमच्या स्वतःच्या फाइलींसाठी), तेही 'ईएक्सटी४'. पुढे लिनक्स नव्याने टाकावं लागलं तर हे पार्टिशन फॉरमॅट न करता तसंच ठेवता येतं.

४. स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) पार्टिशन करायची गरज नाही, इन्स्टॉलर स्वॅप फाइल बनवतो.

५. यूईएफआय असेल तर विंडोजचं आधीचं 'ईएफआय' पार्टिशन (बहुधा १०० एमबी) तसंच वापरा. त्याच्या ओळीतला 'फॉरमॅट'चा चौकोन रिकामा हवा. तिथे खूण पडली तर विंडोजचा बूटलोडर पुसला जातो.

६. खाली 'डिव्हाइस फॉर बूटलोडर इन्स्टॉलेशन' असतं. लेगसीत इथे पूर्ण डिस्क निवडा, म्हणजे 'एसडीए'. मागे आकडा असलेलं 'एसडीए१' नको. तो आकडा पार्टिशनचा असतो आणि ग्रब भलतीकडे जाऊन बसतो. संगणकात दोन डिस्क असतील तर ज्या डिस्कशी संबंध नाही तिची केबल आधीच काढून ठेवलेली बरी.

'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर काय काय फॉरमॅट होणार याची यादी समोर येते. त्यात फक्त 'ईएक्सटी४' असायला हवं. 'एनटीएफएस'चं नाव दिसलं तर मागे फिरा.

## टप्पा ८ : पहिल्या दिवसाच्या तपासण्या

पेन ड्राइव्ह काढून बूट करा. मेन्यू येईल. आधी लिनक्स, मग विंडोज, मग पुन्हा लिनक्स अशी फेरी मारा. एकदाच लिनक्स सुरू झालं म्हणजे काम संपलं असं नाही; विंडोजमध्ये एक फेरी झाल्यावर मेन्यू टिकतो का, ते बघायचं असतं.

मेन्यू येत नाही, थेट विंडोज सुरू होतं: यूईएफआय यंत्रावर बायोसमधल्या बूट क्रमात लिनक्सची नोंद ('उबुंटू' या नावानेही असू शकते) विंडोज बूट मॅनेजरच्या वर घ्या. मोठ्या विंडोज अपडेटनंतर हा क्रम पुन्हा उलटू शकतो.

मेन्यू येतो, पण त्यात विंडोज नाही: लिनक्समधल्या टर्मिनलवर 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. तरी विंडोज सापडलं नाही तर कारण बहुधा असं असतं: २.०६ आवृत्तीपासून ग्रब इतर सिस्टिम स्वतःहून शोधत नाही. 'इटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरात 'ग्रब' नावाची फाइल आहे. तिच्यात 'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' या सेटिंगची किंमत 'फॉल्स' करा (सेटिंगचं नाव रोमन कॅपिटल अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर; 'फॉल्स' मात्र लहान अक्षरांत), आणि पुन्हा 'अपडेट-ग्रब'.

घड्याळ दर वेळी चुकतं: विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. त्यामुळे सिस्टिम बदलली की काही तासांचा फरक पडतो. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही कमांड एकदा दिली की लिनक्सही स्थानिक वेळ वापरू लागतं.

सी ड्राइव्हवर लिहिता येत नाही: एखाद्या अपडेटने फास्ट स्टार्टअप पुन्हा चालू केलं असेल. टप्पा ३ बघा. तसंही लिनक्समधून सी ड्राइव्हवर लिहिण्याची सवय नको. दोन्हीकडे लागणाऱ्या फाइलींसाठी वेगळं एनटीएफएस पार्टिशन ठेवा.

इशारा: एका सिस्टिमला हायबरनेट करून दुसरी सुरू करू नका. दोघींनी सामायिक पार्टिशन उघडलं की एकीच्या आठवणीतली डिस्क आणि प्रत्यक्षातली डिस्क वेगळ्या होतात, आणि भुर्दंड तुमच्या फाइलींना बसतो.

## लिनक्स काढायचं असेल तर

लोक विंडोजमध्ये जाऊन लिनक्सची पार्टिशन्स उडवतात आणि पुढच्या बूटला 'ग्रब रेस्क्यू'वर अडकतात. ग्रबचा पहिला छोटा तुकडा डिस्कच्या सुरुवातीला असतो, पण बाकीचा भाग लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. ते गेलं की पहिला तुकडा पोरका होतो. क्रम उलटा हवा.

१. लेगसी यंत्रावर विंडोजच्या रिकव्हरी ड्राइव्हवरून बूट करा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'बूटरेक', स्पेस, 'स्लॅश फिक्सएमबीआर' चालवा. यूईएफआयमध्ये फक्त बूट क्रमात विंडोज बूट मॅनेजर वर आणा.

२. रीस्टार्ट करा. मेन्यूशिवाय थेट विंडोज सुरू होतं याची खात्री करा.

३. आता डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सची पार्टिशन्स काढा. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही, म्हणून ती ड्राइव्हच्या अक्षराविना दिसतात. टप्पा १च्या कागदाशी आकार ताडून बघा आणि ईएफआय व रिकव्हरी पार्टिशन सोडून द्या.

४. मोकळी जागा सी ड्राइव्हला लागून उजवीकडे असेल तरच 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' चालतं. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर पर्याय करडा दिसतो. अशा वेळी तिथे वेगळा डी ड्राइव्ह करून मोकळे व्हा.